चला, सायकलवर फिरायला!

लेकीची शाळेची सायकल रविवारी दारात उभीच असते. ती आपण का चालवू नये? तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ साली साक्षरता मोहीम सुरू झाली. तिथं अक्षरांबरोबर हजारो बायका सायकलही शिकल्या. बाजाराची, पाण्याची कामं सोपी झालीच, शिवाय मनात येईल तिथं जायची मोकळीक मिळाली.

आम्ही गटात सांगतो : आधी सीट खाली घ्या, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. पायडल न मारता पायांनी ढकलत तोल सांभाळायला शिका. पदर, ओढणी घट्ट खोचा. ब्रेक आणि हवा तपासा. बाभळीचे काटे दिसले, तर उतरून चालत जा.

सोलापूर महामार्ग टाळा. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॉल्यांपासून लांब राहा. उजाडल्यावर दोघी-तिघींनी मिळून निघा. पहिली फेरी आपल्या पाटसच्या नागेश्वर मंदिरापर्यंत. सराव झाला, की आतल्या रस्त्याची चौकशी करून वरवंडच्या तलावाकडे जाऊ.

वाटेत कुणी विचारेल, "कुठं निघाल्या?" दळणाचं, बाजाराचं कारण पुढं करू नका. "फिरायला," एवढंच सांगा.