स्विच म्हणून लावलेला जुना राउटर आणि विसरलेला पासवर्ड

भाग ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी हे नेहमीप्रमाणे लिखित रूप. एक सूचना आधीच देतो: पत्ते इथे मराठी आकड्यांत छापलेत, ब्राउझरमध्ये मात्र इंग्रजी आकडेच टाका.

आजचा विषय आमच्या दहिसर पूर्वेतल्या सोसायटीतला, पण तुमच्याही जिन्याखाली तो असणारच. एमटीएनएलच्या ट्रायबँडच्या काळातला मोडेम-राउटर. तांब्याची लाइन गेली, फायबर आलं, पण डबा चालू होता म्हणून कोणीतरी तो मीटर रूममध्ये लावला. आता त्याला फक्त स्विचचं काम. ऑफिसातून एक केबल येते, पुढे कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, वॉचमनच्या केबिनमधला कॉम्प्युटर वगैरे. ज्याने लावला तो मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. डब्याचं वायफाय मात्र अजून चालू, आणि त्याचा पासवर्ड जुन्या भाडेकरूंपासून केबलवाल्याच्या पोरांपर्यंत सगळ्यांना माहीत. त्या वायफायवरून थेट कॅमेऱ्यांच्या नेटवर्कमध्ये शिरता येतं. खजिनदार काका म्हणाले, "अरे, ते बंद तरी कर." बंद करायचं तर आत शिरायला हवं, आणि पत्ता टाकला तर पानच उघडत नाही.

का उघडत नाही, हे आधी समजून घेऊ. घरगुती राउटरच्या डब्यात खरं तर दोन गोष्टी असतात. एक, चार लॅन पोर्ट जोडणारी स्विचची चिप. दुसरा, प्रोसेसर, म्हणजे छोटा कॉम्प्युटर, ज्यावर सेटिंगचं पान असतं. लॅनच्या एका पोर्टमधून दुसऱ्यात जाणारा डेटा चिपमधूनच निघून जातो, प्रोसेसरला विचारतही नाही. म्हणून डबा वर्षानुवर्षं मजेत चालतो आणि त्याचा पत्ता कुणालाच लागत नाही.

आता तो पत्ता. खासगी नेटवर्कसाठी काही पत्ते राखून ठेवलेले आहेत, त्यातलाच १९२.१६८ ने सुरू होणारा गट आपण घरोघरी वापरतो. समजा मुख्य राउटर १९२.१६८.२९.१ वर आहे आणि जुना डबा अजून १९२.१६८.१.१ वर बसलाय. तुमच्या लॅपटॉपला मुख्य राउटरने २९ च्या गल्लीतला पत्ता दिलाय, त्यामुळे तो १ च्या गल्लीतलं पत्र थेट देत नाही, मुख्य राउटरकडे टाकतो. मुख्य राउटरला ती गल्ली ठाऊकच नाही. झालं!

उपाय सोपा आहे. लॅपटॉपला हाताने पत्ता द्या: १९२.१६८.१.५०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा. मग १९२.१६८.१.१ उघडा. तारा तशाच ठेवूनही हे जमतं, कारण स्विच कुठलीही गल्ली बघत नाही. ब्राउझर हट्टाने सुरक्षित पान मागत असेल तर सुरुवातीला साधं एचटीटीपी स्वतः टाइप करा.

मुख्य राउटरही १९२.१६८.१.१ वरच असेल तर मात्र एका नावाचे दोन भाडेकरू झाले. उघडणारं पान बहुधा मुख्य राउटरचं असतं, आणि लोक त्यातच जुना पासवर्ड टाकत बसतात! अशा वेळी डब्याच्या सगळ्या तारा काढा, एकच केबल लॅपटॉपला लावा, तीही लॅन पोर्टमध्ये. वॅनच्या बाजूने पान सहसा बंद असतं. डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणारी सोय, डब्यात बंद असल्याने लॅपटॉप स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेईल. केबल खराब नाही, पत्ता हाताने द्यायचा राहिलाय, एवढाच त्याचा अर्थ. आणि डब्याचा पत्ताच माहीत नसेल, तर वायरशार्क चालू ठेवून डबा बंद-चालू करा. बरेचसे राउटर उठता उठता स्वतःचा पत्ता ओरडून सांगतात.

पान उघडलं, पण पासवर्ड लागत नाही? आधी डब्याखालचं स्टिकर बघा. ज्या कॉम्प्युटरवरून सेटिंग केलं होतं त्याच्या ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवलेला सापडतो कधीकधी. नाहीच, तर रिसेट: डबा चालू असताना मागच्या भोकात टाचणी घालून साधारण १० सेकंद दाबून धरा, दिवे एकदम लुकलुकेपर्यंत.

इथे घाई नको. रिसेट झालेला डबा पुन्हा राउटर होतो, म्हणजे पत्ते वाटायला लागतो. तसाच नेटवर्कमध्ये लावला तर इमारतीत पत्ते वाटणारे दोघे होतात. ज्यांना मुख्य राउटरने पत्ता दिला त्यांचं नेट चालतं, ज्यांना डब्याने दिला त्यांचं नाही. मग अर्धी सोसायटी केबलवाल्याला फोन करते, तो येतो, त्याची लाइन ठीक असते, आणि भांडण वाढतं. हा प्रकार शोधून काढणं पासवर्ड शोधण्यापेक्षा कठीण, कारण तक्रार दर तासाला बदलते. शिवाय दोघांचा पत्ता एकच निघाला तर सगळ्यांचंच नेट अडखळतं.

म्हणून डबा सुटा असतानाच सगळं उरका. नवा ॲडमिन पासवर्ड, वायफाय बंद, डीएचसीपी बंद. मग लॅनचा पत्ता मुख्य राउटरच्या गल्लीतला, पण तो वाटत असलेल्या पत्त्यांच्या बाहेरचा: तो २९.१०० ते २९.२०० वाटत असेल तर डब्याला २९.२ द्या. सेव्ह करताच पान तुटेल. लॅपटॉपचा पत्ता २९ च्या गल्लीतला करून नव्या पत्त्यावर पुन्हा उघडून बघा, मगच लॅन ते लॅन तार जोडा. शेवटी लॅपटॉपला पुन्हा आपोआप पत्ता घ्यायला सांगा.

सोसायटीचा डबा असेल तर हे कमिटीला सांगून, दुपारी करा. रात्री कॅमेरे दहा मिनिटंही बंद ठेवायला वॉचमन तयार होत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. आमच्याकडे पत्ता आणि तारीख डब्यावर मार्करने लिहिली, पासवर्ड पाकिटात घालून ऑफिसच्या कपाटात ठेवला.

जाता जाता, असल्या जुन्या डब्यांचे पोर्ट बहुतेक १०० एमबीपीएसचे असतात. कॅमेऱ्यांना तेवढं पुरतं. पण ३०० चा प्लॅन घेऊन त्याच डब्यामागे टीव्ही लावला असेल, तर तिथे १०० च्या आतच मिळणार. तेव्हा सरळ गिगाबिटचा साधा स्विच आणा, त्याला पासवर्डच नसतो.