भिंतीचा कोपरा का सुटतो?



आपल्या देणग्यांतून सातपुड्याच्या पायथ्याशी, एखाद्या पाड्यावर मुलांसाठी खोली उभी राहते, तेव्हा अंकातल्या छायाचित्रात आपल्याला रंगवलेली भिंत दिसते. या बांधकामांवर देखरेख करण्याचे काम माझ्याकडे आहे. म्हणून गिलाव्याआड झाकल्या जाणाऱ्या कामाविषयी थोडे सांगतो.

सिमेंटचा ब्लॉक दाब चांगला सोसतो, ताण मात्र सोसत नाही. तापीकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया जरा हलला की दोन भिंती एकमेकींपासून ओढल्या जातात आणि कोपऱ्यात उभी भेग पडते. भूकंपात हेच क्षणात घडते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळून हजारो माणसे गेली. त्या भिंतींना एकत्र बांधणारे काहीच नव्हते. सातपुड्यातही 14 मार्च 1938 रोजी मोठा भूकंप झाला होता.

यावरचे उपाय साधे आहेत, पण ते बांधतानाच करावे लागतात.

पहिला, सांधेमोड. वरच्या थराचा उभा सांधा खालच्या सांध्यावर येता कामा नये. कोपऱ्यात दोन्ही भिंतींचे ब्लॉक आलटून पालटून एकमेकांत गुंतवावेत. आज एक भिंत आणि उद्या दुसरी असे न करता कोपरे आधी सुमारे 60 सेंटिमीटर उचलून, पायऱ्या सोडून, मधली भिंत भरावी.

दुसरा, पट्टी. जोत्यावर आणि दारे-खिडक्यांच्या वर, सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारी किमान 75 मिलिमीटर जाडीची काँक्रीटची पट्टी घालावी. तिच्यात दोन लांब सळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या सळया असतात. कोपऱ्यात सळई तोडू नये. वळवून दुसऱ्या भिंतीत पुरेशी लांब न्यावी. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव जशी आवळून धरते, तशी ही पट्टी खोलीला धरते. शिवाय कोपऱ्यात पायापासून छतापर्यंत उभी सळई हवी. पोकळ ब्लॉक असेल तर ती पोकळीतून नेऊन पोकळी काँक्रीटने भरावी.

तिसरा, जुन्या काँक्रीटशी जोड. गुळगुळीत खांबाला माल नीट धरत नाही. छिन्नीने टोचे मारून खांब खडबडीत करावा आणि दर काही थरांनी त्यात भोक पाडून सळईचा तुकडा पक्का बसवावा. त्याचे दुसरे टोक भिंतीच्या सांध्यात जाते. काँक्रीट आणि ब्लॉक कमी-जास्त आकसतात, म्हणून या सांध्यावर गिलाव्याखाली जाळी ठोकावी.

शेवटी किमान सात दिवस पट्टीवर पाणी मारणे आलेच. पाड्यावर उन्हाळ्यात पाणी दुरून आणावे लागते, त्यामुळे नेमके हेच काम मागे पडते.

आपण भेटीला याल तेव्हा रंगापेक्षा आधी कोपऱ्यांची विचारणा करा. शक्य असेल तर गिलाव्यापूर्वीच या. त्या भिंतीला डोके लावून मुले झोपणार आहेत.