नोंद एक, यंत्र दुसरंच

गाझियाबादजवळच्या साहिबाबादला १९७४ साली स्थापन झालेली सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी रेल्वेसाठी ॲक्सल काउंटर बनवते. रुळाच्या एका टप्प्यात किती आस शिरले आणि किती बाहेर पडले, हे ते मोजतं. आकडे जुळले नाहीत, तर टप्पा रिकामा मानत नाहीत.

संगणकांच्या ताफ्यालाही असाच संशयी स्वभाव हवा. सर्व्हरवर कोणती आवृत्ती, कोणतं पोर्ट उघडं, कुणाला परवानगी हे लिहून ठेवायचं आणि प्रत्यक्षाशी वरचेवर ताडून पाहायचं. मार्क बर्जेस यांनी १९९३मध्ये ऑस्लोत लिहिलेलं सीएफइंजिन हे सॉफ्टवेअर तर फरक दिसताच यंत्राला ठरल्या स्थितीत आणून ठेवतं.

ताडलं नाही तर? १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी दलाली कंपनीच्या आठपैकी एका सर्व्हरवर नवा प्रोग्राम चढवायचा राहिला. तिथला जुना, निकामी समजलेला कोड जागा झाला आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून अधिक बुडाले!

पण दर वेळी यंत्रच चुकलेलं असतं असं नाही. मध्यरात्री कुणीतरी बंद पडलेली सेवा हाताने सेटिंग बदलून सुरू करतं, नोंद मात्र जुनीच राहते. मग आपोआप दुरुस्ती करणारी प्रणाली चालू सेवा इमानेइतबारे पुन्हा पाडते. म्हणून महत्त्वाच्या सर्व्हरवर जाणकार आधी नुसता फरक दाखवणारी फेरी चालवतात.