गहू बंद करण्यापूर्वी

मुलांचे पोट दुखणे ही बालरोगतज्ज्ञाकडे येणाऱ्या तक्रारींपैकी सर्वांत जुनी आणि सर्वांत संदिग्ध तक्रार होय. ब्रिस्टलचे डॉ. जॉन अ‍ॅप्ली यांनी १९५८ साली शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. साधारण दहा मुलांतील एकाला वारंवार पोटदुखी होते आणि त्यांतील बहुसंख्यांना कोणताही शारीरिक विकार नसतो, असे तिच्यात आढळले होते. बेंबीपासून दुखणे जितके दूर, तितकी शारीरिक कारण सापडण्याची शक्यता अधिक, हा त्यांचा ठोकताळा आजही विद्यार्थ्यांना शिकविला जातो. तेव्हा शाळेच्या दिवशी सकाळी बेंबीभोवती दुखणारे, पण रविवारी अंगणात हुंदडणारे, वजन व उंची यथायोग्य असणारे मूल घेऊन पालक आले, की त्यांना धीर देणे आणि तपासण्यांच्या फेऱ्यातून मुलाला वाचविणे हेच वैद्यकाचे काम असते.

प्रस्तुत लेख मात्र उरलेल्या थोड्या मुलांविषयी आहे. यांचे वजन वाढत नाही किंवा उंचीचा आलेख आपली रेघ सोडून खाली उतरू लागतो. रक्तक्षय लोहाच्या औषधाला दाद देत नाही. जुलाब आठवड्यांमागून आठवडे चालतात, दुखण्याने रात्री झोपमोड होते, शौचातून रक्त जाते, ताप रेंगाळतो अथवा वयात येण्याची लक्षणे लांबतात. यांपैकी एक जरी गोष्ट असेल तरी 'जंत असतील', 'दात येताहेत', 'अंगलटच तशी' ही उत्तरे पुरेशी नाहीत. या मुलांत गिआर्डियासारखे परोपजीवी, आतड्याचा क्षय, गाईच्या दुधातील प्रथिनाची अ‍ॅलर्जी, आतड्याचे दीर्घ दाहविकार अशी अनेक कारणे असू शकतात. त्यांतील एकाविषयी मी विस्ताराने लिहिणार आहे, कारण ते आपल्या माळव्यात विरळ नाही, साध्या रक्ततपासणीने त्याचा माग लागतो, आणि तरीही निदानाला वर्षे लागतात. तो विकार म्हणजे सीलिअ‍ॅक.

काही वर्षांपूर्वी आठ वर्षांची एक मुलगी जवळच्या तालुक्याच्या गावाहून आली. वजन पाच वर्षांच्या मुलीइतके, पोट नगाऱ्यासारखे, हातपाय काड्या, स्वभाव कमालीचा चिडका. सोबतच्या पिशवीत चार वर्षांचे कागद होते. जंताचे औषध कितीदा झाले याची गणती आईलाही नव्हती. लोहाची तीन निरनिराळी पातळ औषधे होऊनही हिमोग्लोबिन ७.२. एके ठिकाणी केवळ हातावरची क्षयाची चाचणी उमटली म्हणून सहा महिने क्षयाची औषधे दिली गेली होती. मध्यंतरी कोणी दूध बंद केले, तेव्हा जुलाब थोडे कमी झाले, म्हणून 'दूध सोसत नाही' असा शिक्का बसला. अखेर कोणा नातेवाइकाने सांगितले, की गहू बंद करून पाहा. गहू बंद करून पाच आठवडे झाले होते आणि मुलगी चार वर्षांत प्रथमच हसू लागली होती. त्यानंतर गावात रक्ताची टीटीजी चाचणी केली गेली. ती सीमारेषेवर आली. 'हो' म्हणावे इतकी जास्त नाही, 'नाही' म्हणावे इतकी कमी नाही.

आता प्रश्न असा उभा राहिला, की हा विकार आहे की नाही? तो असेल तर जन्मभर गहू वर्ज्य, नसेल तर एका वाढत्या मुलीच्या ताटातून पोळी विनाकारण काढून घेतली, असे होणार. हे कोडे समजण्यासाठी आतड्यात काय घडते ते थोडक्यात पाहिले पाहिजे.

लहान आतड्याच्या आतील पृष्ठभागावर मखमलीसारखे असंख्य रसांकुर असतात. त्यांच्यामुळे अन्नरस शोषण्याचे क्षेत्र कितीतरी पटींनी वाढते. गव्हातील ग्लुटेन या प्रथिनाचे काही तुकडे आपल्या पाचकरसांनी पूर्णपणे तुटत नाहीत. हे तुकडे आतड्याच्या अस्तरात शिरतात. तेथे टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज नावाचे विकर त्यांच्यात एक छोटासा रासायनिक बदल घडवून आणते. ज्यांच्या पेशींवर डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ ही आनुवंशिक खूण असते, त्यांच्यापैकी काहींच्या रोगप्रतिकारशक्तीला हा बदललेला तुकडा शत्रू वाटतो. मग जे युद्ध पेटते त्यात रसांकुर झिजून सपाट होतात, आणि रक्तात त्या विकराविरुद्धच प्रतिपिंडे तयार होतात. हीच टीटीजी प्रतिपिंडे. या विकराची ओळख १९९७ साली जर्मनीतील संशोधकांनी पटविली आणि पुढे निदान बरेच सुलभ झाले.

वरील मुलीच्या कागदांतील सारे विसंगत तपशील येथे एका सूत्रात येतात. लोहाचे शोषण प्रामुख्याने ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागात होते, आणि इजा तेथेच सर्वाधिक असते. तोंडाने दिलेले लोह लागू पडणार कसे? दुधातील साखर पचविणारे लॅक्टेज विकर रसांकुरांच्या टोकांवर असते. टोकेच झिजल्यावर दूध सोसेनासे होते. दूध बंद केल्याने थोडा उतार पडतो आणि खरा अपराधी नजरेआड राहतो. आणि पोळी बंद केल्यावर? युद्ध थांबते, प्रतिपिंडे हळूहळू उतरतात, रसांकुर पुन्हा उगवू लागतात. रुग्णाच्या दृष्टीने हे वरदानच, पण याच वेळी केलेली तपासणी खोटा दिलासा देऊ शकते. म्हणून माझी सर्वांना आग्रहाची विनंती आहे, की संशय आला तर आधी रक्त तपासा आणि गहू त्यानंतर बंद करा. सध्या 'ग्लुटेन-फ्री' ही एक चाल झाली आहे, आणि थकवा आला, वजन वाढले, त्वचा निस्तेज झाली, की लोक आपल्याच मनाने पोळी सोडतात. प्रौढ माणसाने काय खावे हा त्याचा प्रश्न. पण आजारी मुलाच्या बाबतीत अशी प्रयोगशीलता निदानाची वाट बुजविते.

त्या मुलीच्या आईला मी सांगितले, की निश्चित निदानासाठी काही आठवडे पुन्हा रोज गहू द्यावा लागेल. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरलेलो नाही. "डॉक्टरसाहेब, जे खाऊन ती मरणाच्या दारी गेली, तेच मी माझ्या हाताने भरवू?" प्रश्न रास्त होता. पाच वर्षांखालील मुलांत आणि वयात येतानाच्या वाढीच्या काळात असा पुनःप्रयोग शक्यतो टाळतात. ही मुलगी आठ वर्षांची होती. शिवाय धाकटा भाऊही अशक्त होता, म्हणजे उत्तरावर दोन मुलांचे आहार अवलंबून होते. आम्ही दर आठवड्याला वजन पाहण्याचे आणि त्रास वाढल्यास तात्काळ थांबण्याचे ठरविले. रोज दोन पोळ्या. एका मध्यम पोळीत अदमासे अडीच ते तीन ग्रॅम ग्लुटेन असते, तेव्हा एवढे पुरते. दुसऱ्याच आठवड्यात जुलाब परतले. तिने सहा आठवडे तग धरला. टीटीजी कमाल मर्यादेच्या सात पटींवर गेली, आणि एंडोस्कोपीने घेतलेल्या तुकड्यांत रसांकुर जवळजवळ सपाट दिसले. भावाची चाचणीही पुढे सदोष निघाली; रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत व आईवडिलांत हा विकार सर्वसाधारण लोकांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो, म्हणून त्यांची तपासणी अपरिहार्य समजावी.

व्यवसायबंधूंसाठी काही बारकावे. टीटीजी-आयजीए मागविताना एकूण आयजीए अवश्य मागवावे. सीलिअ‍ॅकच्या रुग्णांत दर शंभरी दोन-तीन जणांच्या शरीरात आयजीएच बनत नाही, आणि त्यांची टीटीजी निष्कारण निर्दोष येते. अहवालातील आकडा नुसता वाचू नये. त्या प्रयोगशाळेच्या कमाल मर्यादेच्या तो किती पट आहे ते पाहावे. युरोपातील बालपचनतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली आणि पुन्हा २०२० साली अशी मुभा दिली, की टीटीजी दहा पट किंवा अधिक असेल आणि वेगळ्या दिवशी घेतलेल्या रक्तात एंडोमायसियल प्रतिपिंडेही सापडली, तर पालकांशी चर्चा करून बायॉप्सी टाळता येते. आपल्याकडे चाचणीसंचांचा दर्जा एकसारखा नसल्याने मी या मुभेचा वापर जपून करतो. बायॉप्सी केलीच तर ड्युओडेनमच्या दुसऱ्या भागातून किमान चार आणि आरंभीच्या फुगीर भागातून किमान एक तुकडा घ्यावा, कारण इजा ठिगळासारखी विखुरलेली असू शकते. डीक्यू-२ व डीक्यू-८ ची चाचणी नकारात्मक आली तर विकार जवळपास बाद होतो. सकारात्मक आली तर काहीच सिद्ध होत नाही, कारण आपल्याकडे साधारण तीन माणसांमागे एकाकडे ही खूण असते. बालमधुमेह, थायरॉइडचे स्वप्रतिकार विकार आणि डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत पोटाची तक्रार नसली तरी तपासणी करावी. आणि बद्धकोष्ठ आहे म्हणून सीलिअ‍ॅक नाही, असे समजू नये.

हा 'गोऱ्यांचा आजार' आहे ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. १८८८ साली लंडनच्या सॅम्युएल गी यांनी त्याचे नेमके वर्णन छापले आणि रुग्ण बरा होईल तर तो आहारानेच, असे बजावले. त्यांच्या एका बालरुग्णाला रोज उत्तम डच शिंपले दिल्यावर बाळसे आले, मात्र शिंपल्यांचा हंगाम संपताच तो पुन्हा खंगला. कारण मात्र गी यांना उमगले नाही. ते हॉलंडच्याच विलेम डिके यांनी दाखविले. हेगच्या बालरुग्णालयात काम करताना त्यांचा गव्हावर संशय होता. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात पाव दुर्मिळ झाला असताना ही मुले सुधारली आणि पाव परतताच बिघडली, हे निरीक्षण त्या संशयाला बळकटी देणारे ठरले. १९५० साली त्यांनी उट्रेख्टला प्रबंध सादर केला. भारतातील मुलांविषयीचा अहवाल १९६६ सालीच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. २००६ साली लुधियानाच्या शाळकरी मुलांत सुमारे ३१० मुलांत एक, तर २०११ साली दिल्ली परिसरातील वस्त्यांत सुमारे ९६ जणांत एक असे प्रमाण प्रसिद्ध झाले. २०१६ च्या एका अखिल भारतीय पाहणीत रक्तातील प्रतिपिंडे उत्तरेत १.२३ टक्के लोकांत, तर दक्षिणेत अवघ्या ०.१० टक्के लोकांत आढळली. आनुवंशिक खूण दोन्हीकडे सारखीच होती. फरक गव्हाचा होता, उत्तरेत दिवसाला माणशी सुमारे ४५५ ग्रॅम आणि दक्षिणेत सुमारे २५. अठराव्या शतकात शिंदे-होळकरांबरोबर आलेल्या आमच्या घराण्यांनी ज्वारी-तांदळाचा मुलूख सोडला आणि बाफल्यांच्या मुलखात बिऱ्हाड केले. त्यांचे वंशज म्हणून आम्ही या हिशेबात उत्तरेकडेच मोजले जाणार.

उपचार एकच, जन्मभर गहू, जव आणि राय वर्ज्य. सांगायला सोपे, पाळायला अवघड. दिवसाला दहा मिलिग्रॅमपर्यंतचे ग्लुटेन बहुतेकांना बाधत नाही, आणि दहा मिलिग्रॅम म्हणजे एका पोळीचा सुमारे तीनशेवा भाग. ज्या चक्कीवर आताच गहू दळला गेला तिच्यावर ज्वारी दळून आणली, तर मर्यादा तेथेच ओलांडली जाते. म्हणून शक्य असेल तर वेगळी घरघंटी घ्यावी, नाही तर तांदूळ-ज्वारी निवडून, धुऊन घरीच मिक्सरवर दळावी. बाजारच्या बांधणीच्या हिंगात बहुधा मैदा असतो. थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात गहू असतो, माल्टच्या पौष्टिक पेयांत जव असते, ओट्समध्ये गव्हाची भेसळ सर्रास असते. 'ग्लुटेन-फ्री' छापलेल्या पदार्थात कायद्याने किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन चालत नाही, मात्र ते पदार्थ महाग असतात आणि त्यांच्याशिवाय सहज निभते.

आपल्या स्वयंपाकात याची सोय आधीच आहे, फक्त ती उपवासाच्या खात्यावर पडून आहे. वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, हे सारे चालते. ज्वारी-बाजरीची भाकरी, नाचणी, घावन, आंबोळ्या, उकडीचे मोदक, अनारसे, बेसनाचे लाडू, पोह्यांचा चिवडा चालतो. हिंगाकडे तेवढे लक्ष ठेवावे. करंजी, शंकरपाळे, रव्याचे लाडू, पुरणपोळी चालत नाही. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यावर घरोघरी वाद होतो. 'प्रसादाने काही होत नाही' असे म्हणणाऱ्या आजीला समजावणे हे मला एंडोस्कोपीपेक्षा कठीण वाटत आले आहे. त्या मुलीच्या आजीने स्वतःच यावर तोड काढली. तिने पूजेला सगळाच शिरा राजगिऱ्याचा केला, म्हणजे नातीला वेगळी वाटी नको.

आहार सुरू झाल्यावर चिडकेपणा दोन-तीन आठवड्यांतच ओसरतो, वजन काही महिन्यांत भरून येते, उंचीला अधिक काळ लागतो. टीटीजी सहा महिन्यांनी पुन्हा पाहावी आणि ती निर्दोष होईपर्यंत पाहत राहावी. ती उतरत नसेल तर बहुधा कोठून तरी गहू पोटात जातो आहे, आणि त्याचा शोध मुलाला दटावून लागत नाही. शाळेचा डबा, मित्राचा वाढदिवस आणि चक्की यांची शांतपणे चौकशी करावी लागते. त्या मुलीची टीटीजी दीड वर्षाने निर्दोष झाली. दरम्यान एकदा आकडा पुन्हा वर गेला होता. कारण निघाले ते शेजारणीने प्रेमाने दिलेले घरगुती मेतकूट.