मद्य, स्वयंपाकातील

पदार्थ फुगविण्यासाठी, त्याला आंबटपणा आणण्यासाठी, मांस मुरविण्यासाठी किंवा स्वादासाठी घरगुती स्वयंपाकात ताडी, वाइन, बिअर, रम इ. मद्यांचा उपयोग करतात. यूरोपीय पाकपद्धतींत वाइन प्रामुख्याने स्वादासाठी वापरतात. गोवा आणि वसई-मुंबईचा किनारा येथील ख्रिस्ती कुटुंबांच्या पारंपरिक पाककृतींत मात्र मद्याचे कार्य मुख्यत्वे पीठ आंबविण्याचे व आम्लता आणण्याचे आहे.

ताडी व शिरका : माडाच्या पोयीस छेद दिल्यावर पाझरणारा गोड रस हवेतील व भांड्यातील यीस्टमुळे काही तासांतच आंबतो आणि त्यातील साखरेचे एथिल अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड वायू यांत रूपांतर होते. गोव्यात या ताडीला ‘सूर’ व ती काढणाऱ्यास ‘रेंदेर’ म्हणतात. भिजविलेले तांदूळ व ओले खोबरे यांच्या वाटणात सूर घालून ते आंबवितात व वाफवून सान्नां करतात. वसई-मुंबईकडील ईस्ट इंडियन समाजाच्या फुग्यांचे पीठही परंपरेने ताडीने आंबवीत. या पदार्थांत महत्त्व असते ते वायूला. अल्कोहॉल हे आनुषंगिक होय.

सूर अधिक काळ हवेच्या संपर्कात राहिल्यास ॲसिटिक अम्ल निर्माण करणारे जंतू अल्कोहॉलाचे ऑक्सिडीभवन करतात व माडाचा शिरका तयार होतो. विंदालू या पदार्थाचे मूळ वाइन व लसूण यांत मांस मुरविण्याच्या पोर्तुगीज पद्धतीत आहे. गोव्यात वाइनची जागा शिरक्याने घेतली आणि पोर्तुगीजांमुळेच भारतात आलेल्या मिरचीची त्यात भर पडली. नावातील ‘आलू’चा बटाट्याशी संबंध नाही.

शिल्लक अल्कोहॉल : शिजविल्यावर सर्व अल्कोहॉल उडून जाते, हा समज चुकीचा आहे. शुद्ध अल्कोहॉल सु. ७८° से. तापमानास उकळते; पण पाण्यात मिसळलेले असताना ते पाण्याच्या वाफेबरोबर क्रमाक्रमाने बाहेर पडते. अमेरिकेत १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनांत पाककृतीनुसार मूळ अल्कोहॉलापैकी सु. ४ ते ८५ टक्के भाग शिल्लक राहिल्याचे आढळले. अमेरिकी शासनाच्या आहारविषयक कोष्टकांनुसार मद्य पदार्थात मिसळून मंद आचेवर १५ मिनिटे शिजविल्यास सु. ४०, एक तासानंतर २५ व अडीच तासांनंतर ५ टक्के अल्कोहॉल उरते. पेटवून ज्वाला दाखविलेल्या पदार्थात ते सु. ७५ टक्के असते. पसरट, उघड्या भांड्यात ते लवकर कमी होते. नाताळच्या केकसाठी सुकामेवा रममध्ये भिजवितात. भाजल्यानंतर केकवर पुन्हा रम शिंपडल्यास ती बऱ्याच अंशी टिकते.

दक्षता : धार्मिक कारणाने मद्य वर्ज्य मानणारे, गर्भवती, बालके, यकृतविकाराचे रुग्ण व मद्यपान सोडलेल्या व्यक्ती यांच्या दृष्टीने हा शिल्लक अंश महत्त्वाचा ठरतो. मद्यपान सुटावे म्हणून डायसल्फिराम हे औषध घेणाऱ्यास अल्प अल्कोहॉलानेही चेहरा लाल होणे, धडधड, उलट्या असा त्रास होतो. म्हणून पंक्तीत असा पदार्थ वाढताना त्यातील मद्याची पूर्वकल्पना देणे आवश्यक आहे. रम, ब्रँडी, फेणी यांसारख्या ऊर्ध्वपातित मद्यांची वाफ पेट घेते. ती पदार्थात घालताना भांडे आचेवरून उतरवावे व बाटलीतून थेट ओतू नये.

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमातील मद्याच्या व्याख्येत ताडीचाही समावेश आहे. ताडी न मिळाल्यास सान्नां व फुगे यांसाठी बेकरीतील यीस्ट व थोडी साखर वापरतात. या किण्वनातही अल्प अल्कोहॉल निर्माण होते. परंतु वेगळे मद्य घालावे लागत नाही. ताडीचा विशिष्ट स्वाद मात्र त्यांत उतरत नाही.