दुष्काळनिवारण

पावसाच्या अभावी अगर अनियमिततेमुळे पीक बुडाले असता शेतकरी व शेतमजूर कुटुंबांचा निर्वाह, त्यांची जनावरे आणि पुढील हंगामात पेरणी करण्याची त्यांची ताकद टिकवून धरण्यासाठी योजलेल्या उपायांस दुष्काळनिवारण ही संज्ञा लावतात. भूकंप किंवा महापूर यांच्याप्रमाणे दुष्काळ एका दिवसात कोसळत नाही. तो महिनोन्‌महिने चढत जातो. म्हणूनच मदतीचे मोल तिच्या रकमेइतकेच ती कोणत्या महिन्यात मिळते, यावर अवलंबून असते. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील अवर्षणप्रवण प्रदेशाच्या अनुभवावरून या विषयाचे विवेचन केले आहे. सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेत येणारे सोलापूर, बीड, धाराशिव हे जिल्हे, तसेच सातारा व सांगली जिल्ह्यांचे पूर्वेकडील तालुके या प्रदेशात मोडतात.

पीक गेल्यानंतर शेतकरी कुटुंबाची घसरण एका ठरावीक क्रमाने होते. प्रथम जेवणात काटकसर होते. मग साठ्यातील धान्य संपते, उसनवारी होते, दागिने गहाण पडतात. दावणीची जनावरे व जमीन यांना सामान्यतः अगदी अखेरीस हात लागतो. अर्थशास्त्रज्ञ एन. एस. जोधा यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राजस्थानविषयक अभ्यासात हेच दिसून आले : उत्पादनाची साधने वाचावीत म्हणून कुटुंबे आपला आहार कमी करतात. पोट आवळून बैल राखण्याच्या या वृत्तीस अविचार म्हणता येणार नाही. चारा संपला, की सर्वच शेतकरी एकदम जनावरे बाजारात आणतात आणि त्यांच्या किंमती कोसळतात. उलट पाऊस पडताच सर्वांना बैल हवे असतात आणि किंमती चढतात. या दोन किंमतींतील फरक ज्याला भरून काढता येत नाही, त्याचे शेत मृगाचा पाऊस चांगला होऊनही वेळेवर पेरले जात नाही, कारण पेरणीयोग्य वापसा थोडेच दिवस टिकतो. अशा कुटुंबाच्या दृष्टीने दुष्काळ पावसाबरोबर संपत नाही. अलीकडे नांगरणी व पेरणी बव्हंशी ट्रॅक्टरने होऊ लागली असली, तरी बैलाची जागा दुभती गाय व शेळ्या यांनी घेतली आहे; त्यामुळे वरील विवेचनास बाध येत नाही.

कुटुंबाच्या पातळीवरील पूर्वतयारीची परंपरा जुनी आहे. ज्वारी जमिनीतील पेवात साठविणे, कडब्याची गंजी मागील वर्षाची शिल्लक ठेवून रचणे, बाजरीत तूर, मटकी वा हुलगा मिसळून पेरणे या प्रथांमागे एकच हिशेब असे : एक पीक गेले, तरी दुसरे हाती लागावे आणि एका वर्षाची तूट दुसऱ्या वर्षाने भरून काढावी. एका बैलास दररोज सु. ६ किग्रॅ. सुका चारा धरला, तरी वर्षाला दोन टनांहून अधिक लागतो. रब्बीत उंच ताटाची मालदांडी ज्वारी शेतकऱ्यांनी सोडली नाही, याचे एक कारण तिच्या कडब्यात आहे. धान्याचा उतारा हाच वाणाच्या निवडीचा एकमेव निकष मानणाऱ्या शेतीतज्ञांना हे उशिरा उमगले. पुढे रोख पिके वाढली, पेवे बुजली आणि ज्या तालुक्यांत पिण्याचे पाणी टँकरने पुरवावे लागते तेथेच उसाची लागवडही वाढली. शेततळी, बांधबंदिस्ती व पाझर तलाव यांमुळे पूर्वतयारीस बळ मिळते खरे; पण पीकरचना न बदलता केवळ साठवण वाढविली, तर साठलेले पाणी उन्हाळ्यापूर्वीच संपते.

शासकीय उपायांची घडी १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर बसली. त्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मदत-कामांवरील मजुरी दिवसाला एक पौंड धान्य व थोडी रोकड इतकी खाली आणली. मुंबई इलाख्यातील मजुरांनी याविरुद्ध कामे सोडली व पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींतून दुष्काळ संहिता तयार झाल्या आणि १८८३ चा जमीनसुधारणा कर्ज अधिनियम व १८८४ चा शेतकरी कर्ज अधिनियम यांद्वारे तगाईस कायद्याचा आधार मिळाला. तगाई (मूळ ‘तकावी’ म्हणजे बळ देणे) म्हणजे बी, बैल, विहीर यांसाठी शासनाने दिलेले कर्ज. १८९६–९७ च्या दुष्काळात टिळकांनी केसरीतून शेतकऱ्यांना संहितेने दिलेल्या हक्कांची जाणीव करून दिली. १९०१ च्या आयोगाने तगाई व महसुलाची तहकुबी हंगामाच्या आरंभीच जाहीर करावी, म्हणजे लोकांचा धीर खचत नाही, असे सुचविले. ही सूचना आजही जुनी झालेली नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्राने १९६३ मध्ये कायदा करून ‘दुष्काळ’ हा शब्द आपल्या अधिनियमांतून काढून टाकला व त्याजागी ‘टंचाई’ हा शब्द योजला. शब्द गेला, दुष्काळ मात्र गेला नाही. १९७२–७३ मध्ये तो आला, तेव्हा शासनाने मोठ्या प्रमाणावर कामे काढली. मे १९७३ च्या सुमारास त्यांवरील मजुरांची संख्या सु. ५० लक्षांवर पोहोचली. खडी फोडणे, रस्ते, नालाबांध व पाझर तलाव ही त्या वेळची प्रमुख कामे होत. धान्याचे उत्पादन अत्यंत घटूनही मजुरी हाती आल्यामुळे लोकांस धान्य विकत घेता आले व व्यापक भूकबळी टळले. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये तासगाव भागात अजमावलेल्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा अधिनियम १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. तिच्या खर्चासाठी शहरी पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला, ही गोष्ट पगारपत्रकावरील त्या कपातीकडे पाहताना सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. २००५ च्या केंद्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यास ही योजना मार्गदर्शक ठरली. तथापि मजुरीने माणसे जगतात. दावणीच्या जनावरांसाठी चारा व पाणी यांची वेगळी सोय करावी लागते. म्हणून २०१२–१३ व २०१८–१९ मध्ये चारा छावण्या उघडाव्या लागल्या. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी पुरविण्यात आले.

मदत केव्हा सुरू व्हावी हे पैसेवारी (पूर्वीची आणेवारी) ठरवीत असे. प्रमाण उत्पन्नाच्या तुलनेत प्रत्यक्ष पीक ५० पैशांहून कमी असल्यास गाव टंचाईग्रस्त मानले जाई. खरिपाची अंतिम पैसेवारी डिसेंबरात जाहीर होई. पिके मात्र ऑगस्टच्या खंडातच करपलेली असत. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पावसातील खंड, पेरणीक्षेत्र, मृदेतील ओलावा व उपग्रहाद्वारे मिळणारा वनस्पती-निर्देशांक यांवर आधारित निकष आणले. त्यांनुसार महाराष्ट्राने ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. निर्णय लवकर झाला, हा लाभ मोठाच. मात्र निकष कडक झाल्याने तालुक्याच्या सरासरीत एखाद्या गावाची होरपळ दडून जाऊ शकते. पीकविम्यासही हीच मर्यादा आहे. वि. म. दांडेकर यांनी १९७६ मध्ये पुरस्कारिलेले क्षेत्राधारित तत्त्व २०१६ च्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेतही मुख्यतः कायम राहिले. वैयक्तिक पाहणीचा खर्च व लबाडी त्याने टळते, पण ज्याचे एकट्याचे शेत वाळले त्याला भरपाई मिळत नाही.

दुष्काळ जाहीर झाल्यावर मिळणाऱ्या सवलतींत जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, वसुलीस स्थगिती, कृषिपंपांच्या चालू वीज बिलात ३३.५ टक्के सूट व विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी यांचा समावेश असतो. यांपैकी शेवटची सवलत किरकोळ वाटते. परंतु घरात रोकड उरलेली नसते, त्याच महिन्यांत हे शुल्क भरावे लागत असल्याने तिचे महत्त्व कमी नाही. पुनर्गठनाने जुने कर्ज लांबणीवर पडते, नव्या पेरणीचे भांडवल त्यातून आपोआप उभे राहत नाही. बँकेने नवे पीककर्ज वेळेत दिले नाही, तर शेतकरी सावकाराकडे वळतो. फळबागांची पुनर्उभारणी याहून अवघड. २०१२–१३ मध्ये जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या, तेव्हा केवळ एका वर्षाचे पीक बुडाले नाही. नवी झाडे फळावर येईपर्यंतची सर्व वर्षे बुडाली.

नुकसानभरपाई सातबारा उताऱ्यावरील नावास मिळते. बटईने वा तोंडी कराराने जमीन कसणाऱ्यांचे नाव त्यावर बहुधा नसते. पतीच्या निधनानंतर शेत सांभाळणाऱ्या अनेक स्त्रियांची वारसनोंदही झालेली नसते. बियाण्याचा व मशागतीचा खर्च अशांनी केलेला असला, तरी अनुदान खातेदाराच्या खात्यात जमा होते. वारसनोंदी व बटईदारांच्या नोंदी पूर्ण करण्याचे काम पाऊसमान चांगले असतानाच हाती घ्यावे लागते, कारण दुष्काळाच्या वर्षी तलाठी पंचनाम्यांत गुंतलेला असतो.