मूत्रपिंडाचं ‘यांग’ रक्तात दिसेल का?

क्रिएटिनिन ठीक, सोनोग्राफी ठीक, तरी चिनी वैद्य नाडी पाहून म्हणतो, ‘मूत्रपिंडाचं यांग, म्हणजे ऊब देणारी शक्ती, कमी पडलंय.’ यावर कुणी म्हणतं, वैद्य थापा मारतोय. कुणाला वाटतं, रोग अजून रिपोर्टमध्ये उतरलेला नाही. दोन्ही समज चुकीचे आहेत, कारण वैद्य मूत्रपिंडाच्या रोगाबद्दल बोलतच नाही. तो सांगतोय तो ‘झेंग’: अंगातला गारठा, कंबरदुखी, थकवा, जिभेचा रंग, नाडीचा जोर या खुणा एकत्र पाहून ठरवलेली शरीराची त्या वेळची अवस्था. एकाच रोगाच्या दोन रुग्णांचे झेंग वेगळे असू शकतात, आणि झेंग बदलला की औषधही बदलतं.

आपल्याकडे लगेच पुढचा समज होतो, की हा झेंग म्हणजे आपली वात-पित्त-कफ प्रकृतीच. पण प्रकृती जन्मापासूनची मानली जाते, झेंग आजाराबरोबर पालटतो. पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये प्रकृतीचा संबंध एचएलए जनुकांशी तपासला, तो याच अर्थाने सयुक्तिक होता. पालटत्या झेंगची खूण मात्र जनुकांच्या आराखड्यात शोधून भागत नाही. ती रक्तातल्या, लघवीतल्या बदलत्या रेणूंमध्ये शोधावी लागते.

हा शोध नवा आहे, हेही खरं नाही. १९५०च्या दशकाच्या अखेरीस शांघायमध्ये शेन झियिन यांनी एक साधा प्रश्न विचारला: रोग निरनिराळे, पण निदान एकच ‘मूत्रपिंड-यांगची कमतरता’, तर या रुग्णांत समान काय? स्वतः आधुनिक वैद्यक शिकलेल्या या डॉक्टरांना अशा रुग्णांच्या चोवीस तासांच्या लघवीत १७-हायड्रॉक्सिकॉर्टिकोस्टेरॉइडचं प्रमाण कमी आढळलं. कॉर्टिसॉलचं विघटन झाल्यावर हे पदार्थ तयार होतात. म्हणजे बोट मूत्रपिंडाकडे नव्हे, त्याच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथीकडे आणि तिला हुकूम देणाऱ्या मेंदूकडे वळलं. मला हे काम आजही मोलाचं वाटतं. पण हे पदार्थ इतर कारणांनीही कमी होतात, त्यामुळे तेवढ्यावरून झेंगचं निदान करता येत नाही.

आता सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज: रक्तात खूण सापडली की निदान वैद्याच्या मतावर अवलंबून राहणार नाही. खूण शोधायची कशी? आधी वैद्य रुग्णांचे गट पाडणार, मग यंत्र त्या गटांमधला फरक शोधणार. गटच डळमळीत असतील तर यंत्र काय करणार? अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन चिनी वैद्यांना आमवाताचे तेच ४० रुग्ण स्वतंत्रपणे तपासायला दिले. २००५ मध्ये छापलेल्या या अभ्यासात वैद्यांचं निदान सरासरी ३१.७ टक्केच जुळलं. खरं काम इथे आहे, आणि ते महागड्या यंत्रापेक्षा कमी झगमगीत असल्यामुळे मागे पडतं, याची मला खंत वाटते.

शिवाय आकड्यांचा सापळा आहे. एका थेंबात हजार रेणू मोजले आणि पाच टक्क्यांची नेहमीची कसोटी लावली, तर गटांमध्ये काहीच फरक नसतानाही पन्नासेक रेणू ‘वेगळे’ दिसतील. आमवातात तर आणखी एक अडचण. ‘उष्ण’ झेंगमध्ये सांधे लाल आणि गरम असतात. तिथे रक्तातला सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारं प्रथिन, जास्त निघाला तर आपण झेंग मोजला की नुसता दाह?

जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिलीच आहे ना, असंही ऐकू येतं. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात पारंपरिक वैद्यकाचं स्वतंत्र प्रकरण आहे, हे खरं. पण ते नोंदी आणि मोजणीसाठी आहे. त्यातून निदानाची शास्त्रीयता किंवा उपचाराचा गुण सिद्ध होत नाही.

म्हणून झेंगची खूण रक्तात सापडल्याची बातमी वाचताना मी आधी तीन गोष्टी शोधते. किती वैद्यांनी एकमेकांना न विचारता तेच निदान केलं? तुलना एकाच रोगाच्या, सारख्याच तीव्रतेच्या रुग्णांत होती का? आणि सापडलेली खूण दुसऱ्या गावच्या, नव्या रुग्णांच्या रक्तात, झेंगचं नाव झाकून, पुन्हा ओळखता आली का?